एंझाइमे : सहघटक व निरोधन

एंझाइमे : सजीवांच्या कोशिकांत तयार होणाऱ्या आणि जीवरासायनिक विक्रियांचा वेग वाढविणाऱ्या उत्प्रेरकांना (विक्रियेच्या अखेरीस स्वतः कायम राहून तिचा वेग वाढविणाऱ्या पदार्थांना) एंझाइमे म्हणतात. बहुतेक सर्व एंझाइमे प्रथिने आहेत. काही रिबोन्यूक्लिइक अम्लेही असे कार्य करतात, हे १९८० नंतरच्या दशकात टॉमस चेक व सिडनी ऑल्टमन यांनी दाखवून दिले. परंतु त्यांची संख्या अगदी थोडी आहे. पुष्कळ एंझाइमांना आपले कार्य करण्यासाठी प्रथिनाव्यतिरिक्त आणखी एखादा घटक लागतो, त्यास ‘सहघटक’ म्हणतात. आणि ज्या पदार्थांमुळे हे कार्य मंदावते वा थांबते त्यांना ‘निरोधके’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या दोन बाबींचा विचार केला आहे.

विषय प्रयोगशाळेतला वाटला, तरी त्याचे परिणाम तेथेच राहत नाहीत. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालाड उपनगरातील मालवणी या वस्तीत विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यापूर्वी २००४ मध्ये विक्रोळी येथे असाच प्रकार घडला होता. या दारूतील घातक पदार्थ मिथेनॉल (मिथिल अल्कोहॉल) हा होता. मिथेनॉल मूळ स्वरूपात फारसे विषारी नाही. शरीरातील एक एंझाइम त्याचे विषात रूपांतर करते, आणि त्यावरील उपचार म्हणजे त्याच एंझाइमाचे निरोधन होय. एंझाइम, त्याचे सहघटक व त्याचे निरोधन या तिन्ही गोष्टी या एका उदाहरणात एकत्र आढळत असल्याने पुढील विवेचनात त्याचा वारंवार आधार घेतला आहे.

इतिहास : दुधाचे दही होणे, पीठ आंबणे, नीरेची ताडी होणे या क्रिया माणसाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहेत, त्यांची कारणे मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत अज्ञात होती. १८३३ मध्ये पेयाँ व पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आणलेल्या सातूच्या अर्कापासून मंडाचे (स्टार्चचे) शर्करेत रूपांतर करणारा पदार्थ वेगळा केला व त्यास ‘डायास्टेज’ हे नाव दिले. त्यानंतर तीनच वर्षांनी टेओडोर श्वान यांनी जठररसातील पेप्सिनाचा शोध लावला. ‘एंझाइम’ ही संज्ञा व्हिल्हेल्म क्यूने या जर्मन शास्त्रज्ञांनी रूढ केली. ‘यीस्टमध्ये असलेले’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ती बनविलेली आहे.

किण्वन (आंबण्याची क्रिया) जिवंत यीस्ट कोशिकेशिवाय होऊच शकत नाही, असे लूई पाश्चर यांचे मत होते. १८९७ मध्ये एडुआर्ट ब्यूखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून काढलेल्या कोशिकारहित रसानेही साखरेचे अल्कोहॉल होते, असे दाखविले. या प्रयोगामुळे जीवरसायनशास्त्राला स्वतंत्र शास्त्राचे स्थान प्राप्त झाले असे म्हणण्यास हरकत नाही. एंझाइम हे प्रथिन आहे की प्रथिनास चिकटलेला दुसराच एखादा पदार्थ आहे, हा वाद मात्र आणखी तीस वर्षे चालू राहिला. १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी अबईच्या वर्गातील एका शेंगेच्या बियांपासून यूरिएज हे एंझाइम स्फटिकरूपात मिळविले व ते प्रथिन असल्याचे दाखविले. नामवंत शास्त्रज्ञांनी त्यांच्या म्हणण्यावर प्रथम विश्वास ठेवला नाही. पुढे नॉर्थ्रप यांनी पेप्सिनाचे स्फटिक मिळविल्यावर शंका मावळली, आणि समनर यांना १९४६ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

विशिष्टता व वेग : ज्या पदार्थावर एंझाइमाची क्रिया होते त्यास ‘क्रियाधार’ म्हणतात. एंझाइमाच्या मोठ्या रेणूत एक लहानशी खोबण असते. तीत क्रियाधार बसतो व तेथेच विक्रिया घडते. या भागास ‘क्रियाशील स्थान’ म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसा क्रियाधार त्यात बसतो, ही कल्पना एमील फिशर यांनी १८९४ मध्ये मांडली. १९५८ मध्ये डॅनियल कॉशलंड यांनी तीत दुरुस्ती सुचविली : खोबण अगदी ताठर नसून क्रियाधार आत येताना ती आपला आकार काहीशी बदलून घेते. नव्या बांगड्या हातात भरताना हात आणि बांगडी दोन्ही थोडी वळवावी लागतात, तसेच हे आहे. निसर्गात कुलपेही काही वेळा चुकीच्या किल्लीने उघडतात, हे पुढे दिसून येईल.

एंझाइमांचा वेग विलक्षण असतो. तांबड्या रक्तकोशिकांतील कार्‌बॉनिक ॲनहायड्रेज या एंझाइमाचा एक रेणू सेकंदाला सुमारे दहा लाख कार्बन डाय-ऑक्साइड रेणूंवर क्रिया करू शकतो. सर्वच एंझाइमे इतकी चपळ नाहीत. अश्रूंतील लायसोझाइमाला एका फेऱ्यास सेकंदभर किंवा अधिक वेळ लागतो.

आतापर्यंत हजारो एंझाइमे ज्ञात झाली असून १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने त्यांचे विक्रियेच्या स्वरूपानुसार सहा वर्ग पाडले. २०१८ मध्ये त्यांत सातव्या वर्गाची भर पडली. या वर्गीकरणात प्रत्येक एंझाइमाला चार आकड्यांचा क्रमांक असतो. १.१.१.१ हा अगदी पहिला क्रमांक अल्कोहॉल डीहायड्रोजनेज या एंझाइमास मिळालेला आहे. मालवणीच्या प्रकरणातील एंझाइम ते हेच.

सहघटक : ब्यूखनर यांच्या यीस्ट-रसावर इंग्लंडमध्ये आर्थर हार्डन व विल्यम यंग यांनी पुढे काम केले. १९०६ मध्ये त्यांनी तो रस जिलेटिनाच्या अतिसूक्ष्म गाळणीतून दाबाने गाळला. वर राहिलेल्या प्रथिनयुक्त साक्याने किण्वन होईना. खाली उतरलेल्या निवळीनेही होईना. दोन्ही एकत्र करताच ते पूर्ववत सुरू झाले. साका उकळला तर तो कायमचा निकामी होई, निवळी मात्र उकळूनही कामी येई. यावरून एंझाइमाचे दोन भाग असतात, एक मोठ्या रेणूचा व उष्णतेने नासणारा, दुसरा लहान रेणूचा व उष्णता सहन करणारा, हे स्पष्ट झाले. प्रयोगाची साधने अगदी साधी होती आणि त्यातून निघालेला निष्कर्ष आजही तसाच उभा आहे. दुसऱ्या भागास ‘सहएंझाइम’ असे नाव मिळाले. निवळीतील मुख्य सहएंझाइम म्हणजे आज एनएडी या संक्षेपाने ओळखले जाणारे निकोटिनामाइड ॲडेनीन डायन्यूक्लिओटाइड होय.

सहघटक दोन प्रकारचे असतात : धातूंचे आयन (विद्युत् भारित अणू) आणि कार्बनी सहएंझाइमे. सहघटकाविना नुसत्या प्रथिनभागास ‘ॲपोएंझाइम’ आणि दोन्ही मिळून होणाऱ्या क्रियाशील रचनेस ‘पूर्ण एंझाइम’ म्हणतात. सहएंझाइम पुष्कळदा प्रथिनास सैलसर जोडलेले असते. एका एंझाइमाकडून हायड्रोजन घेऊन ते दुसऱ्यास देते व रिकामे होऊन परत येते. पाणक्याने विहिरीवर घागर भरावी, घरी रिती करावी व पुन्हा विहिरीकडे वळावे, तसा हा व्यवहार चालतो. यामुळेच ते अत्यल्प प्रमाणात असूनही पुरते.

बहुतेक सहएंझाइमे शरीर मुळापासून तयार करू शकत नाही. त्यांचा गाभा आहारातून मिळवावा लागतो, आणि तो गाभा म्हणजेच ब-गटातील जीवनसत्त्वे. थायामिनापासून (ब१) पायरुव्हिक अम्लाच्या विघटनास लागणारे थायामीन पायरोफॉस्फेट बनते. सडीक तांदळावरच जगणाऱ्यांना होणारा बेरीबेरी हा रोग त्याच्या अभावाचे लक्षण होय. निॲसिनापासून एनएडी बनते. त्याच्या न्यूनतेने होणारा पेलाग्रा हा रोग दख्खनच्या पठारावर ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या गरीब लोकांत आढळत असे व त्यावर हैदराबाद येथे सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी महत्त्वाचे संशोधन केले.

याच मालिकेतील एक जीवनसत्त्व मुंबईशी जोडलेले आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स या इंग्रज वैद्यक संशोधिका मुंबईस आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी होणारा एक तीव्र पांडुरोग हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. परळ येथील हाफकिन संस्थेत त्यांचे काम चाले. लोह देऊन न हटणारा हा रोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. अर्क स्वस्त होता. त्यातील गुणकारी द्रव्य बराच काळ ‘विल्स घटक’ म्हणून ओळखले जाई; पुढे ते फॉलिक अम्ल असल्याचे ठरले. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील गटाने १९४५ मध्ये त्याचे संश्लेषण (कृत्रिम रीतीने निर्मिती) केले. फॉलिक अम्लापासून होणारे टेट्राहायड्रोफोलेट हे सहएंझाइम एकेका कार्बन अणूची ने-आण करते. न्यूक्लिइक अम्लांच्या घडणीस ते आवश्यक असल्याने त्याच्या अभावी रक्तकोशिकांची वाढ अडते.

धातूंपैकी जस्त, मॅग्नेशियम, लोह, तांबे, मँगॅनीज व मॉलिब्डेनम हे अनेक एंझाइमांत आढळतात. कार्‌बॉनिक ॲनहायड्रेजात जस्त असते, हे केंब्रिज येथे डेव्हिड कायलिन व थॅडियस मान यांनी १९४० मध्ये दाखविले. वांगे किंवा बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो, तो तांबेयुक्त फिनोलेज एंझाइमामुळे. हवेतील ऑक्सिजन घेऊन ते फोडीतील फिनॉलांचे ऑक्सिडीभवन करते. चिरलेली वांगी मिठाच्या पाण्यात टाकण्याची घरोघरची पद्धत हा निरोधनाचाच प्रयोग आहे : पाण्याने हवा तुटते आणि मिठातील क्लोराइड एंझाइमाला मंद करते. लिंबू पिळल्यास पाणी अम्लधर्मी होऊन हाच परिणाम साधतो.

अल्कोहॉल डीहायड्रोजनेज : हे एंझाइम यीस्टमध्ये व प्राण्यांच्या यकृतात आढळते. यीस्ट त्याच्या साहाय्याने ॲसिटाल्डिहाइडापासून एथिल अल्कोहॉल (एथेनॉल) बनविते. यकृतात हीच विक्रिया उलट दिशेने चालते. यकृतातील एंझाइमाचा रेणू दोन सारख्या साखळ्यांचा असून प्रत्येक साखळीत जस्ताचे दोन अणू असतात. त्यांपैकी एक क्रियाशील स्थानी राहून अल्कोहॉलातील ऑक्सिजन अणूला धरून ठेवतो. दुसरा रेणूचा आकार टिकवितो. अल्कोहॉलातून निघणारा हायड्रोजन एनएडी स्वीकारते. म्हणजे धातू व सहएंझाइम असे दोन्ही सहघटक येथे एकाच वेळी कामास लागतात.

एंझाइमाचा वेग क्रियाधाराच्या संहतीवर (विद्रावातील प्रमाणावर) कसा अवलंबून असतो, याचे गणित १९१३ मध्ये लेओनोर मिखाएलिस व मॉड मेंटेन यांनी मांडले. क्रियाधार थोडा असताना संहती वाढेल तसा वेग वाढतो. पुढे सर्व क्रियाशील स्थाने भरून गेली की आणखी क्रियाधार घालूनही वेग वाढत नाही. हा महत्तम वेग होय. ज्या संहतीस वेग महत्तम वेगाच्या निम्मा असतो तिला ‘मिखाएलिस स्थिरांक’ म्हणतात. हा स्थिरांक जितका लहान तितकी क्रियाधाराविषयी एंझाइमाची ओढ अधिक असते, असे स्थूलमानाने म्हणता येते. एथेनॉलाच्या बाबतीत तो इतका लहान आहे की, एखादा पेला घेतल्यानंतरही यकृतातील एंझाइम जवळजवळ पूर्ण भरलेले असते. म्हणूनच प्रौढ माणसाच्या शरीरातून अल्कोहॉल तासाला सुमारे ७ ते १० ग्रॅम अशा ठराविक गतीने कमी होते, आणि कॉफी, ताक वा गार पाण्याची आंघोळ यांनी ती गती वाढत नाही.

मिथेनॉलाची विषबाधा : मिथेनॉलाचा रेणू एथेनॉलासारखाच, परंतु एका कार्बन अणूने लहान असतो. एंझाइमाला हा फरक पुरता ओळखता येत नाही. ते मिथेनॉलाचे फॉर्माल्डिहाइड बनविते, व दुसरे एक एंझाइम त्याचे लगेच फॉर्मिक अम्ल करते. फॉर्मिक अम्लाची विल्हेवाट टेट्राहायड्रोफोलेटाच्या मदतीने होते. माणसाच्या यकृतात या सहएंझाइमाचा साठा तोकडा असल्याने अम्ल साचत जाते. उंदरांच्या यकृतात तो पुरेसा असल्याने उंदरांना मिथेनॉल फारसे बाधत नाही. त्यामुळे उंदरांवरील प्रयोगांवरून माणसाबद्दल काढलेले अनुमान या बाबतीत फसवे ठरते.

साचलेले फॉर्मिक अम्ल रक्ताची अम्लता वाढविते आणि शिवाय सायटोक्रोम ऑक्सिडेज या लोह व तांबे असलेल्या एंझाइमाच्या लोहास चिकटून कोशिकेचे श्वसन अडविते. ज्या ऊतकांना (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांना) ऊर्जा सतत लागते त्यांवर प्रथम आघात होतो. दृक् तंत्रिका (डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारी मज्जा) अशांपैकी एक असल्याने दृष्टी अंधुक होणे हे या विषबाधेचे ठळक लक्षण आहे. सुमारे १० मिलि. शुद्ध मिथेनॉलाने अंधत्व व सुमारे ३० मिलि. ने मृत्यू येऊ शकतो.

रोगनिदानाच्या दृष्टीने सर्वांत घातक गोष्ट म्हणजे मधला शांत काळ. विषारी दारू प्याल्यानंतर १२ ते २४ तास साध्या नशेपलीकडे काही जाणवत नाही, कारण विष अद्याप तयार व्हायचे असते. दारूत एथेनॉलही असेल तर तेच प्रथम वापरले जाते व हा काळ आणखी लांबतो. हातावर पोट असलेला माणूस या अवधीत रुग्णालयाकडे वळत नाही. डोळ्यांपुढे धूसर दिसू लागून तो निघतो तेव्हा अम्ल साचलेले असते.

निरोधन : निरोधके दोन प्रमुख प्रकारची आहेत, परिवर्तनीय व अपरिवर्तनीय. परिवर्तनीय निरोधक काढून घेतल्यास एंझाइम पूर्ववत कार्य करू लागते. त्यांतही निरोधक क्रियाशील स्थानाचीच जागा घेत असेल, तर त्यास स्पर्धात्मक निरोधन म्हणतात. काही निरोधके दुसऱ्याच ठिकाणी जोडली जाऊन एंझाइमाचा आकार बदलतात. हे अस्पर्धात्मक निरोधन होय. अशा दूरस्थ नियंत्रणानेच कोशिका आपला कारभार सांभाळते. एखाद्या उत्पादन-साखळीतील अखेरचा पदार्थ पुरेसा झाला की, तोच साखळीच्या पहिल्या एंझाइमाला थोपवितो.

मिथेनॉलाच्या विषबाधेवर एथेनॉल देणे हे स्पर्धात्मक निरोधनाचे सर्वपरिचित उदाहरण आहे. एंझाइमाची ओढ मिथेनॉलापेक्षा एथेनॉलाकडे दहा ते वीस पट अधिक असते. स्पर्धेचा परिणाम आकड्यांत असा दिसतो : क्रियाधाराची संहती मिखाएलिस स्थिरांकाइतकी असल्यास वेग महत्तम वेगाच्या ५० टक्के असतो. आता निरोधकाची संहती त्याच्या स्वतःच्या निरोधन स्थिरांकाच्या वीसपट केली, तर मिखाएलिस स्थिरांक जणू एकवीसपट होतो व वेग ५० टक्क्यांवरून सुमारे ४·५ टक्क्यांवर उतरतो. परंतु महत्तम वेग बदललेला नसतो. क्रियाधार एकवीसपट वाढविला, तर वेग पुन्हा ५० टक्के होतो. म्हणून शरीरात मिथेनॉल आहे तोवर निरोधक पुरेसा टिकविणे भाग असते. रक्ताच्या १०० मिलि. मध्ये १०० ते १५० मिग्रॅ. एथेनॉल राहील अशा बेताने ते रुग्णालयात देतात. तेवढ्या वेळात मिथेनॉल श्वासावाटे व मूत्रावाटे किंवा रक्तापोहनाने (कृत्रिम मूत्रपिंडाने) बाहेर काढता येते. शिवाय अम्लतेवर सोडियम बायकार्बोनेट आणि फॉर्मिक अम्लाच्या निचऱ्यासाठी फॉलिनिक अम्ल देतात. गिरणीतील स्त्रियांच्या पांडुरोगावर सापडलेले जीवनसत्त्व येथे वेगळ्याच कामी येते. दारूवर दारू पाजणे असा याचा अर्थ घेऊन घरी प्रयोग करणे मात्र प्राणघातक आहे. रक्तातील प्रमाण मोजल्याशिवाय हा उपचार करता येत नाही.

एथेनॉलापेक्षा सरस निरोधक म्हणजे फोमेपिझोल. स्वीडनमध्ये ह्यूगो टेओरेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्कोहॉल डीहायड्रोजनेजाचा जो दीर्घ अभ्यास केला त्यात पायराझोल या संयुगाचा निरोधक गुण उघड झाला. फोमेपिझोल हे त्याचेच मिथिल अनुजात (मूळ संयुगापासून बनविलेले संयुग) होय. त्याने नशा येत नाही व मात्रा ठरविणे सोपे असते. किंमत मात्र फार आहे. ज्या वस्त्यांत ही विषबाधा होते तेथील लोकांना ते परवडणारे नाही, आणि म्हणून एथेनॉलाचा उपचार आजही मागे पडलेला नाही.

सल्फा औषधांचे कार्यही याच तत्त्वावर चालते. सल्फानिलामाइड हे पॅरा-ॲमिनोबेंझॉइक अम्लाशी साम्य असलेले संयुग असून जंतू त्या अम्लापासून फॉलिक अम्ल तयार करतात. सारखेपणाने फसलेले एंझाइम सल्फा रेणूला जागा देते व जंतूंची वाढ थांबते. हा विरोध १९४० मध्ये डी. डी. वुड्स यांनी उलगडला. माणूस फॉलिक अम्ल अन्नातून घेत असल्याने त्याचे काही बिघडत नाही. त्याच सुमारास हाफकिन संस्थेत सर साहिबसिंग सोखी यांच्या कारकीर्दीत सल्फाथायाझोल प्लेगवर उपयुक्त ठरल्याचे दाखविण्यात आले.

अन्नातील निरोधके व कमला सोहोनी : निरोधके केवळ औषधांत असतात असे नाही, कडधान्यांत ती निसर्गतःच असतात. या विषयावरील भारतातील आरंभीचे महत्त्वाचे संशोधन मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्त्री म्हणून त्यांना प्रथम प्रवेश नाकारला गेला होता. त्यांनी आग्रह धरून तो मिळविला. पुढे केंब्रिज येथे डेरिक रिक्टर यांच्याबरोबर फिनोलेजांवर आणि रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या श्वसनावर त्यांनी काम केले. बटाट्यात सायटोक्रोम-सी असते व प्राण्यांप्रमाणे वनस्पतींच्या कोशिकांतही सायटोक्रोम ऑक्सिडेज ऑक्सिजनाचा वापर करते, हे त्या कामाचे फलित होय. फॉर्मिक अम्ल ज्याला अडविते ते एंझाइम हेच. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच. डी. मिळाली, विज्ञान विषयात ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. कूनूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काही काळ काम करून त्या १९४७ मध्ये मुंबईस आल्या व १९४९ मध्ये विज्ञान संस्थेच्या जीवरसायन विभागात रुजू झाल्या. पुढे त्या या संस्थेच्या संचालकही झाल्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

गरिबांच्या ताटातील प्रथिने मुख्यतः डाळी व कडधान्ये यांतून येतात. ती पचत का नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सीन हे प्रथिनांचे तुकडे करणारे एंझाइम आहे. १९५५ मध्ये सोहोनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी वाल व डबल बी यांपासून ट्रिप्सिनाची निरोधके स्फटिकरूपात वेगळी केली. ही निरोधके स्वतः प्रथिने असून ट्रिप्सिनाच्या क्रियाशील स्थानात इतकी घट्ट बसतात की, एंझाइम त्यांचा तुकडा पाडू शकत नाही व त्यांना सोडूही शकत नाही. कच्ची कडधान्ये खाऊ घातलेल्या प्राण्यांची वाढ खुंटते व स्वादुपिंड मोठे होते, याचे एक कारण हे आहे. दमट उष्णतेने बहुतेक निरोधके नष्ट होतात. मोड आल्यानेही काहींचे प्रमाण घटते. कोकणातील बिरड्याची रीत, म्हणजे वाल भिजवून, मोड आणून, सोलून मग शिजविणे, या दृष्टीने अगदी योग्य आहे. केवळ मोड आलेले कच्चे वाल पौष्टिक म्हणून खाण्याचा सल्ला मात्र ग्राह्य धरता येत नाही.

उष्णता व दुधाची चाचणी : प्रथिनाची घडी उष्णतेने उलगडली की एंझाइम निकामी होते, हे निरोधन नसून विनाश आहे. त्याचाही उपयोग करून घेता येतो. मुंबईच्या दिंडोशी भागालगत १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली आणि शहराला पाश्चरीकृत दूध मोठ्या प्रमाणावर मिळू लागले. आरे दूध प्रकल्पाला सोहोनी यांनीही सल्ला दिला होता. दूध ६३° से. तापमानास ३० मिनिटे किंवा ७२° से. ला १५ सेकंद तापविल्यास क्षयाचे जंतू मरतात. परंतु ते मेले की नाही हे थेट पाहण्यास कित्येक आठवडे लागतात. कच्च्या दुधात क्षारीय फॉस्फेटेज हे जस्तयुक्त एंझाइम असते व ते नष्ट होण्यास या जंतूंहून किंचित अधिक उष्णता लागते. म्हणून तापविलेल्या दुधात पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट घालून पाहतात. पिवळा रंग आला तर एंझाइम जिवंत आहे, म्हणजे दूध नीट तापविलेले नाही किंवा त्यात मागाहून कच्चे दूध मिसळले आहे. रंग न आल्यास जंतूही मेले असे धरता येते.

अपरिवर्तनीय निरोधन : काही निरोधके क्रियाशील स्थानाशी रासायनिक बंधाने जोडली जातात. कार्बनी फॉस्फरसयुक्त कीटकनाशके हे त्यांचे शेतकऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण. तंत्रिकेकडून स्नायूकडे संदेश ॲसिटिलकोलीन या द्रव्याने जातो, आणि संदेश पोहोचताच ॲसिटिलकोलीन-एस्टरेज हे एंझाइम त्याचे जलीय विच्छेदन (पाण्याच्या साहाय्याने तुकडे) करते. कीटकनाशकातील फॉस्फरस या एंझाइमाच्या क्रियाशील स्थानातील सेरीन या ॲमिनो अम्लाशी जखडला जातो. मग संदेश थांबत नाही. लाळ व घाम सुटतो, बाहुल्या आकुंचन पावतात, स्नायू थरथरतात व अखेर श्वसन बंद पडते. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या वीसहून अधिक शेतकरी व मजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना विषबाधा झाली. तेथे वापरात असलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस व प्रोफेनोफॉस ही या गटातील होती. सर्वच औषधे मात्र या गटातील नव्हती, व त्यामुळे उपचार ठरविणे अधिक कठीण झाले.

या विषावर दोन प्रकारची औषधे देतात. ॲट्रोपीन एंझाइमाला हात लावीत नाही. साचलेल्या ॲसिटिलकोलिनाचा परिणाम तेवढा ते अडविते. प्रॅलिडॉक्झीम हे फॉस्फरसाचा गट सेरिनापासून ओढून काढून एंझाइम मोकळे करते. परंतु जोडला गेलेला गट काही काळाने आपला एक भाग टाकून देतो व बंध पक्का होतो. या बदलास लागणारा वेळ कीटकनाशकानुसार काही तासांपासून दिवसाहून अधिक इतका असतो, आणि तो उलटल्यावर प्रॅलिडॉक्झिमाचा उपयोग होत नाही. शरीराने नवीन एंझाइम तयार करेपर्यंत रुग्णाचा श्वास यंत्राने चालू ठेवणे एवढाच मार्ग मग उरतो, आणि त्यास कित्येक दिवस लागतात. फवारणी करणाऱ्याच्या रक्तातील कोलीन-एस्टरेज हंगामापूर्वी व हंगामात मोजल्यास विषबाधा लक्षणे दिसण्यापूर्वी ओळखता येते. त्यासाठी हंगामापूर्वीचे माप घेऊन ठेवलेले असावे लागते, कारण हे मूल्य निरोगी माणसांतही व्यक्तिपरत्वे पुष्कळ कमीजास्त असते.